‘अस्सल घरगुती’वर मालकीची नोटीस आली तर: एका ट्रेडमार्क विरोधाचा अनुभव

मसाले, लोणची, पापड विकणाऱ्या कुणाचंही पाकीट उचला, कुठेतरी ‘अस्सल घरगुती’ छापलेलं सापडेल. जानेवारी २०२३ मध्ये याच दोन शब्दांवरून आम्हाला वकिलामार्फत नोटीस आली. पाठवणारी एक मोठी खाद्यपदार्थ कंपनी. नाव देत नाही, त्याने वाचणाऱ्याचा काही फायदा नाही. मजकूर साच्यातला होता: हे शब्द आमचा ट्रेडमार्क आहेत, सात दिवसांत वापर थांबवा, छापील पाकिटं नष्ट करा, तसं हमीपत्र द्या, नाहीतर नुकसानभरपाईचा दावा लावू. त्याच आठवड्यात एका ऑनलाइन बाजारपेठेने आमच्या मसाल्यांची विक्रीही थांबवली, कारण तक्रार तिथेही गेली होती.

पोटात गोळा येतो. पण नोटीस दहादा वाचण्यापेक्षा तिच्यातला अर्ज क्रमांक शोधावा आणि आयपी इंडियाच्या, म्हणजे ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर ‘ट्रेडमार्क ॲप्लिकेशन स्टेटस’मध्ये टाकावा. मोबाइलवर ओटीपी येतो, पान उघडतं, पैसे लागत नाहीत. आमच्या बाबतीत स्थिती दिसली ‘ॲक्सेप्टेड अँड ॲडव्हर्टाइज्ड’. म्हणजे अर्ज प्राथमिक तपासणीतून पुढे सरकला, त्या कार्यालयाच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला, पण नोंदणी झालेली नाही. नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या उल्लंघनाचा दावाच लावता येत नाही, हे ट्रेडमार्क कायद्याचं कलम २७ सांगतं. ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याचा दावा लावता येतो, पण त्यात कंपनीला आधी स्वतःची ख्याती सिद्ध करावी लागते. नोटिशीत ‘आमचा ट्रेडमार्क’ असं ठणकावून लिहिलेलं असतं. तो नोंदलेला आहे असं कुठे म्हटलंय का, तेवढं बारकाईने पाहावं. टीएम ही दोन अक्षरं कुणीही लावू शकतो. गोलातला आर फक्त नोंदणीनंतर.

त्याच पानावर खाली अर्जाची सगळी कागदपत्रं असतात, आणि खरा खजिना तिथे आहे. लोक स्थिती पाहून पान बंद करतात, ते करू नका. आम्हाला तिथे दोन गोष्टी मिळाल्या आणि पुढचं सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं राहिलं.

एक म्हणजे अर्जातला वापराचा रकाना. डिसेंबर २०२१ च्या त्या अर्जात ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ लिहिलं होतं, म्हणजे चिन्ह अजून वापरलेलंच नाही, पुढे वापरायचं आहे. नोटिशीत मात्र ‘कित्येक वर्षांच्या अखंड वापराने ग्राहकांच्या मनात ठसलेलं’ वगैरे. हा फरक महत्त्वाचा अशासाठी की वर्णनात्मक, म्हणजे मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या, शब्दांना कलम ९ नोंदणी नाकारतं, आणि त्यातून सुटायची नेहमीची वाट अशी: अर्जाच्या तारखेआधी वापरामुळे त्या शब्दांना वेगळी ओळख मिळाल्याचं दाखवणं. वापरच नव्हता म्हटल्यावर ती वाट बंद.

दुसरी गोष्ट परीक्षण अहवालाला कंपनीने दिलेलं उत्तर. परीक्षकाने ‘घरगुती’ शब्द असलेली आधीची काही चिन्हं आडवी घातली होती. त्यावर कंपनीच्याच वकिलाने लिहून दिलं होतं की ‘घरगुती’ हा या व्यापारात सर्रास वापरला जाणारा शब्द आहे, त्यावर कुणा एकाचा हक्क असू शकत नाही. दुसऱ्यांची चिन्हं बाजूला सारायला केलेला हा युक्तिवाद पुढे त्यांच्याच गळ्यात आला. असं उत्तर जवळपास प्रत्येक फाइलमध्ये असतं. डाउनलोड करून तारखेसह जपून ठेवा.

नोटिशीला उत्तर सात दिवसांतच द्यायला हवं असा कायदा नाही. पण गप्प बसू नये. आमच्या ट्रेडमार्क एजंटने (अशी प्रकरणं चालवणारा व्यावसायिक) दोन पानी उत्तर पाठवलं: अर्ज प्रलंबित आहे, शब्द वर्णनात्मक आहेत, आम्ही ते २०१४ पासून आमच्या नावाखाली वर्णन म्हणून वापरतो, आणि निराधार धमकीबद्दल कलम १४२ खाली दाद मागण्याचा आमचा हक्क राखून आहे. सोबत न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल केलं. ट्रेडमार्कच्या दाव्यांत समोरच्याला न ऐकता तात्पुरता मनाई हुकूम मिळू शकतो, म्हणून ही खबरदारी. कॅव्हेट ९० दिवस चालतं, मग संपतं. हवं तर नव्याने करावं लागतं. हमीपत्र मात्र अजिबात देऊ नका, ‘तात्पुरतं’ म्हणूनसुद्धा नाही. एकदा सही केली की पुढे कायद्याचं बोलणं संपतं आणि तुम्ही दिलेल्या शब्दाचं सुरू होतं.

ऑनलाइन विक्री परत सुरू व्हायला तीन आठवडे गेले. या बाजारपेठा प्रलंबित अर्जाच्या क्रमांकावरही ब्रँड नोंदवून घेतात, आणि तक्रार आली की आधी माल उतरवतात, मग विचारतात. आम्ही स्थितीच्या पानाची प्रत, जुनी बिलं आणि पाकिटाचा स्पष्ट फोटो जोडून उलट अर्ज केला. पहिल्यांदा साचेबंद नकार आला. दुसऱ्या वेळी ‘नोंदणी नाही, फक्त अर्ज आहे’ हे वाक्य पहिल्याच ओळीत घातलं, तेव्हा कुणीतरी माणसाने वाचलं असावं. माझ्या मते छोट्या व्यवसायाचं खरं नुकसान इथेच होतं. कोर्टाची पायरी चढायच्या आधीच सणाची विक्री बुडते, आणि मग माणूस शब्द सोडून देतो.

आता मूळ काम, अर्जाला विरोध. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघतं आणि फुकट वाचता येतं. जाहिरात छापून आल्यापासून चार महिन्यांत विरोध दाखल करावा लागतो. ही मुदत वाढत नाही. कंपनीचा अर्ज नोव्हेंबर २०२२ च्या जर्नलमध्ये होता, म्हणजे आमच्या हातात मार्चपर्यंत वेळ होता. खरं तर ती नोटीस आली नसती तर आम्हाला पत्ताच लागला नसता आणि चिन्ह बिनविरोध नोंदलं गेलं असतं. नोंदणीनंतरही ते रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो, सरकारी फीही तेवढीच. पण तोवर नोंदणी वैध असल्याचं गृहीतक समोरच्याच्या बाजूला गेलेलं असतं.

कलम २१ म्हणतं ‘कोणतीही व्यक्ती’ विरोध करू शकते. स्वतःचं नोंदलेलं चिन्ह लागत नाही. शब्द वर्णनात्मक आहेत एवढाच आक्षेप असेल तर तुम्ही त्या व्यापारात असणंही सक्तीचं नाही, असलात तर बरं. फॉर्म टीएम-ओ, फी ऑनलाइन भरल्यास मालाच्या प्रत्येक वर्गाला (नोंदणीसाठी मालाचे क्रमांकाने वर्ग पाडलेले असतात) २,७०० रुपये, कार्यालयात कागदावर दिल्यास ३,०००. नवीन अर्जाच्या फीमध्ये लघुउद्योगाला सवलत आहे (९,००० ऐवजी ४,५००), तशी विरोधाच्या फीमध्ये नाही. उद्यम प्रमाणपत्र शोधत बसू नका. कंपनीने मसाले-पापडांचा वर्ग ३० आणि लोणच्यांचा वर्ग २९ असे दोन्ही घेतले होते, म्हणून आमचे ५,४०० गेले. स्वतः दाखल करायचं तर क्लास ३ डिजिटल सही लागते, आणि ती संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर हा एक स्वतंत्र छळ आहे. शेवटच्या दिवसावर ठेवू नका ते यासाठी.

विरोधाच्या मसुद्यात आम्ही कलम ९ ची तिन्ही टोकं घेतली: शब्दांत वेगळेपण नाही, ते मालाचा दर्जा व प्रकार सांगतात, आणि व्यापारात व बोलण्यात ते रूढ आहेत. कलम ११, म्हणजे आमच्या आधीच्या चिन्हाशी साम्य, मुद्दाम घेतलं नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘हे शब्द आमचे आहेत’ आणि ‘हे शब्द कुणाचेच नाहीत’ असं एकाच अर्जात म्हटलं की दोन्ही बाजू पातळ होतात. एजंट सवयीने सगळी कलमं टाकतात. ती काढायला लावा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दाखल केलं. कंपनीला त्याची प्रत रजिस्ट्रीकडून, म्हणजे ट्रेडमार्क कार्यालयाकडून, मेमध्ये गेली. तिथून दोन महिन्यांत त्यांनी काउंटर स्टेटमेंट, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, दिलं नसतं तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं गेलं असतं, आणि मोठ्या कंपन्यांचेही अर्ज असे पडतात. यांनी जुलैत दिलं. सगळं नाकारलेलं, प्रत्येक परिच्छेदाखाली ‘विरोधकाने काटेकोर सिद्ध करावे’. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं आपण हरलो. ती त्या कागदाची ठरलेली भाषा आहे.

काउंटर स्टेटमेंटची प्रत आपल्याला पोचली की आपले दोन महिने सुरू. या मुदतीत प्रतिज्ञापत्रावर पुरावा दिला पाहिजे, किंवा पुरावा द्यायचा नाही, विरोधाच्या अर्जातल्या मजकुरावरच भिस्त आहे, असं लेखी कळवलं पाहिजे. दोन्ही केलं नाही तर विरोध सोडून दिल्याचं धरतात. विरोध पडतात ते बहुतेक इथे, कारण प्रत ईमेलवर येते आणि ती एजंटच्या जुन्या पत्त्यावर किंवा स्पॅममध्ये जाते. फॉर्मवरचा ईमेल रोज पाहिला जाणाराच हवा. शिवाय दर पंधरा दिवसांनी स्थितीचं पान उघडायचं. आमची प्रत सप्टेंबर २०२३ मध्ये आली.

पुराव्याचं काम सगळ्यात मोठं. कसोटी एकच: कंपनीच्या अर्जाच्या तारखेआधीचं, म्हणजे डिसेंबर २०२१ च्या आधीचं काय आहे? कालच दुकानातून आणलेली पाच पाकिटं फार काम करत नाहीत. आमची स्वतःची विक्रीबिलं होती, पण बिलावर ‘कांदा-लसूण मसाला ५०० ग्रॅम’ एवढंच असतं, पाकिटावर काय छापलंय ते नसतं. ते दाखवलं छपाईवाल्याच्या कागदांनी. पाऊच छापायला सिलिंडर कोरावे लागतात. त्या सिलिंडरच्या बिलावर डिझाइनचं नाव आणि तारीख, आणि त्याला जोडून मंजुरीसाठी सही केलेला नमुना. २०१४ चा तो पिवळा पडलेला नमुना, कोपऱ्यात ‘ओके’ आणि सही, खाली सिलिंडरचा क्रमांक, तोच क्रमांक बिलावर. शंभर पानी जाहिरातींपेक्षा असा एक जोडलेला पुरावा भारी पडतो. तुमच्या छपाईवाल्याकडे जुन्या फाइली असतील तर आजच प्रती करून आणा. धंदा बदलला की पहिली रद्दी तीच जाते.

पण आपला एकट्याचा वापर दाखवून ‘रूढ शब्द’ सिद्ध होत नाही, उलट ते आपलंच चिन्ह वाटू लागतं. इतरांचा वापर हवा. त्यासाठी जुने दिवाळी अंक कामाला आले. मसाल्यांच्या, फराळाच्या जाहिराती, आणि मुखपृष्ठावर वर्ष छापलेलं. तारखेबद्दल वाद घालायला जागाच नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मुखपृष्ठ आणि जाहिरातीचं पान एकत्र स्कॅन करू दिलं. नेहमी दोन्ही एकत्र घ्या, सुट्या जाहिरातीला वर्ष नसतं. शिवाय ओळखीच्या चार उत्पादकांनी आणि दोन किराणा दुकानदारांनी प्रतिज्ञापत्रं दिली. दुकानदारांची फार उपयोगी पडली: ‘असं लिहिलेली पाकिटं मी अनेक उत्पादकांची विकतो, त्या शब्दांवरून मला कुठलीही एक कंपनी आठवत नाही.’ विकणारा माणूस हे सांगतो तेव्हा त्याला वजन येतं.

आणि भाषांतर. नियम सांगतो की हिंदी किंवा इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतल्या कागदाला प्रमाणित हिंदी अथवा इंग्रजी भाषांतर जोडलं पाहिजे. कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला, पण मराठी कागदाला भाषांतर लागतंच. आमचे सगळे दिवाळी अंक, दुकानदारांची मराठी प्रतिज्ञापत्रं, पाकिटं, सगळ्याचं करून घ्यावं लागलं. यात ९,००० रुपये आणि तीन आठवडे गेले. प्रतिज्ञापत्र मराठीत करायचं की इंग्रजीत हे आधीच ठरवा. सही करणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर मराठीतच करून भाषांतर जोडणं सुरक्षित, कारण ‘मला न कळता सही घेतली’ असा सूर पुढे निघता कामा नये. राज्यातले मुद्रांकाचे दर ऑक्टोबर २०२४ मध्ये बदलले आहेत, तेव्हा आमचा आकडा सांगत नाही, नोटरीला विचारा.

पुरावा रजिस्ट्रीत दिला की त्याची प्रत, सगळ्या जोडपत्रांसह, समोरच्याला आपणच पाठवायची आणि पाठवल्याचं रजिस्ट्रीला कळवायचं. आम्ही ईमेलही केला आणि स्पीड पोस्टही. पावती फाइलला लावली. नोव्हेंबर २०२३.

कंपनीचा पुरावा जानेवारीत आला, जाड. दूरचित्रवाणीच्या जाहिरातींचा खर्च, उलाढाल, पुरस्कार. धीर खचवायला एवढी जाडी पुरते. पण पानं तारखेप्रमाणे लावली तेव्हा दिसलं की ‘अस्सल घरगुती’ असलेला एकही कागद अर्जाच्या आधीचा नाही, आणि बाकी सगळी ख्याती त्यांच्या मुख्य ब्रँडनावाची आहे. प्रत्युत्तराला एक महिना मिळतो. आम्ही त्यात नवीन काही न घालता तारखांचा तक्ता तेवढा दिला.

मग मार्च २०२४ मध्ये फोन: तडजोड करू. तुम्ही विरोध मागे घ्या, तुम्हाला हे शब्द वापरायची परवानगी आम्ही लेखी देतो, पैसे नकोत. ऐकायला गोड. पण परवाना घेणं म्हणजे मालकी मान्य करणं, आणि उद्या त्यांनी परवाना काढून घेतला की बोलायला तोंड राहत नाही. शिवाय प्रतिज्ञापत्रं देणाऱ्या बाकीच्यांचं काय? आमचं म्हणणं होतं की अर्ज शब्दांऐवजी तुमच्या ब्रँडनावासकट लेबलपुरता करा, आम्ही विरोध मागे घेतो. पुन्हा फोन आला नाही.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर काहीही घडलं नाही. हा टप्पा कंटाळवाणा आणि धोक्याचाही, कारण लक्ष उडतं. सुनावणीची नोटीस फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. कंपनीने एकदा तारीख पुढे मागितली. त्याला टीएम-एम फॉर्म, ९०० रुपये, किमान तीन दिवस आधी, आणि एका बाजूला जास्तीत जास्त दोनदा, प्रत्येकी ३० दिवसांपर्यंत. विरोधक हजर राहिला नाही तर विरोध फेटाळला जाऊ शकतो, अर्जदार राहिला नाही तर त्याचा अर्ज सोडून दिल्याचं धरलं जाऊ शकतं. मेमध्ये व्हिडिओवर सुनावणी झाली, वीस मिनिटांत आटोपली. अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी बरीच प्रकरणं असतात, म्हणून दोन पानांचा लेखी युक्तिवाद आधीच पाठवलेला बरा. आमच्यात तीनच मुद्दे: ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’, परीक्षण अहवालाला कंपनीने दिलेलं उत्तर, आणि दिवाळी अंक.

निकालांपैकी दोन टेकू दिले. ‘शादी’ या शब्दावर शादी डॉट कॉमला मक्तेदारी नाकारणारा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१६ चा, न्या. गौतम पटेल यांचा. आणि ‘बुक माय’ हे वर्णनात्मक आहे म्हणून बुकमायशोच्या कंपनीला अंतरिम मनाई नाकारणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१७ चा. दिल्लीचाच ‘शुगर फ्री’ निकाल युक्तिवादात घातला नाही, पण पाकिटासाठी वाचावा. कॅडिला या औषध कंपनीचा तो ब्रँड असूनही अमूलला हे शब्द वर्णन म्हणून वापरायची मोकळीक राहिली. अट अशी की ते स्वतःच्या नावापेक्षा ठळक नकोत. त्यावरून आम्ही आमचंही पाकीट सुधारलं: वर मोठ्या अक्षरात आमचं नाव, खाली लहान अक्षरात ‘अस्सल घरगुती’, टीएम वगैरे काही नाही.

सुनावणी झाली त्याच महिन्यात, ७ मे २०२५ ला, ‘ऑपरेशन सिंदूर’ नावासाठी त्याच दिवशी ट्रेडमार्कचे अर्ज पडले. रिलायन्सने आपला अर्ज कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय केल्याचं सांगत दुसऱ्या दिवशी मागे घेतला. बातम्या वाचून बरेच जण विचारत होते की असं नाव कुणी घेऊच कसं शकतं. अर्ज कुणीही कशाचाही करू शकतो. अमेरिकेत ‘टॅको ट्यूसडे’ (मंगळवारी टॅको खाण्याची रीत) हे दोन शब्दांचं बोलण्यातलं नाव १९८९ पासून एका उपाहारगृहांच्या साखळीकडे नोंदलेलं होतं. टॅको बेल या दुसऱ्या साखळीने २०२३ मध्ये ते रद्द करायचा अर्ज केला तेव्हा कुठे सुटलं. तिथेही सोडवायला दुसरी मोठी कंपनीच लागली.

आमचा आदेश जुलै २०२५ मध्ये संकेतस्थळावर चढला. विरोध मान्य, दोन्ही वर्गांत नोंदणी नाकारली. कारण कलम ९, शब्द वर्णनात्मक आणि अर्जाआधीच्या वापराचा पुरावा नाही. अपिलाला तीन महिने असतात. बौद्धिक संपदेचं अपील मंडळ एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं, तेव्हापासून अपील थेट उच्च न्यायालयात. तो काळ संपेपर्यंत फाइल बांधून ठेवू नये. ऑक्टोबर उलटला, अपील झालं नाही.

खर्च: सरकारी फी ५,४००. एजंटचे नोटिशीच्या उत्तरापासून सुनावणीपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळून ४८,०००, कॅव्हेटसह. भाषांतर ९,०००. नोटरी, प्रती, टपाल साधारण ४,०००. चार उत्पादकांनी वाटून घेतला म्हणून झेपला. एजंटशी सुरुवातीलाच टप्प्यांनुसार दर लिहून घ्या. ‘विरोधाचे इतके’ असं ठरलं आणि त्यात पुरावा व सुनावणी धरलेली नसली की मधेच अडकायला होतं.

आता कंपनीने नवा अर्ज केला आहे, त्यांच्या ब्रँडनावासह पूर्ण लेबलचा, त्यात एका ओळीत ‘अस्सल घरगुती’ आहे. जर्नलमध्ये आलं की आम्ही विरोध करणार नाही. लेबल नोंदलं म्हणून त्यातल्या वर्णनात्मक भागावर वेगळा हक्क मिळत नाही, कलम १७ तेच सांगतं. फक्त त्या अर्जाचं परीक्षण-उत्तर डाउनलोड करून आधीच्या आदेशासोबत ठेवायचं, म्हणजे पुढची नोटीस आली तर उत्तराला जोडता येईल.